सात हात आणि एक कोरा दगड

ईशान, तू फोनवर मला एक प्रश्न विचारला होतास. शाळेत तुम्हाला कुठल्यातरी दूरच्या प्रदेशाबद्दल निबंध लिहायचा होता. तिथले लोक दोन गटांत वाटले गेलेले. दोन्ही गटांनी मिळून सरकार चालवायचं ठरवलं, आणि ते सरकार पुन्हा पुन्हा पडत राहिलं. "आजी, सगळं नीट लिहून ठरवलेलं असतं, मग पडतं का?" असं तू विचारलंस. मागून तुझ्या बाबांचा आवाज आला, "लोभ, दुसरं काय!" आणि फोन तुझ्या बहिणीकडे, मीराकडे गेला.

लोभ हे उत्तर चूक नाही. पण मी सारी नोकरी शाळेत इंग्रजी शिकवण्यात घालवली आणि एका शब्दाच्या उत्तराला मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत. शिवाय असं एक सरकार पडताना मी अगदी जवळून पाहिलं आहे. ते इतकं लहान होतं की तुझ्या नकाशावर सापडणार नाही. नऊ माणसांची ग्रामपंचायत होती ती. तिचा करार माझ्या हस्ताक्षरात होता, आणि ती मोडण्याआधीचे चार दिवस मी तिच्याबरोबर सहलीला गेले होते. त्या सहलीची हकीगत लिहिते. लांबली तर आईकडून दोन बैठकांत वाचून घ्या.

निघण्यापूर्वी

गोदाकाठचं माझं माहेर तुम्ही लहानपणी एकदा पाहिलं आहे. मीरा तिथल्या म्हशीला घाबरली होती. त्या गावात दोन आळ्या, वरची आणि खालची. दोन्ही आळ्यांत एकच आडनावं, एकच देव, सोयरीकही आपसातच. तरी निवडणुकीच्या वर्षी वरच्या आळीचा माणूस खालच्या आळीतल्या न्हाव्याकडे दाढीसुद्धा करत नाही.

त्या निवडणुकीत वरच्या आळीचे चार जण निवडून आले, खालच्याचे चार. नववी जागा जनाबाईंची. जनाबाई मूळच्या डोंगराकडच्या, हरसूलजवळच्या पाड्यावरच्या. द्राक्षांच्या छाटणीच्या कामाला नवऱ्याबरोबर आल्या आणि नदीकाठच्या वस्तीत राहिल्या त्या कायमच्या. त्यांची जागा राखीव होती. त्या ना वरच्या, ना खालच्या. सरपंचपद त्या वेळी बाईसाठी होतं. वरच्या आळीला शोभा हवी होती, खालच्या आळीला माझी धाकटी भावजय सुमन. मग वडीलधाऱ्यांनी तोडगा काढला. पहिली अडीच वर्षं शोभा, पुढची अडीच वर्षं सुमन.

हे कागदावर उतरवायला त्यांना दोन्हीकडचा विश्वास असलेलं माणूस हवं होतं. मी नाशकात राहते, दोन्ही आळ्यांतली मुलं माझ्याकडे शिकलेली, म्हणून मला बोलावलं. माझ्या भावाच्या ओसरीवर बसून मी सात कलमांचा करार लिहिला. समास सोडून, एकही खाडाखोड न करता. शोभानं तारीख न घालता राजीनामा लिहून दिला. तो मी पाकिटात घातला, लाख लावली आणि माझ्या कपाटात ठेवला. सगळ्यांनी पेढे खाल्ले. मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करते. शाळेचं वेळापत्रक लागल्यावर वाटायचं तसं.

अडीच वर्षं झाली. मी पाकीट घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं ते उघडून पाहिलं आणि अगदी सभ्यपणे परत दिलं. "बाई, अक्षर छान आहे. पण सरपंचांनी स्वतः येऊन 'होय, मी देते' म्हणायला लागतं. कपाटातला राजीनामा चालत नाही." महाराष्ट्रात किती कपाटांत असे राजीनामे पडून असतील, कोण जाणे.

शोभाकडे गेले. ती म्हणाली, "बाई, शब्द फिरवत नाही मी. टाकीचं पाणी वस्तीला सुटू द्या, दुसऱ्या दिवशी जाते कचेरीत." तिनं अडीच वर्षं धावपळ करून पाण्याची टाकी बांधून घेतली होती. नळ टाकून झाले होते. फक्त शेवटचे चाळीस हात चर खणायची राहिली होती, आणि ते चाळीस हात दौलतरावांच्या शेतातून जात होते. दौलतराव म्हणजे खालच्या आळीच्या चार सदस्यांपैकी एक आणि त्यांचे पुढारी. ते म्हणाले, "आधी राजीनामा, मग चर. पाणी सुमनवहिनींच्या हातानंच सुटेल."

उद्घाटनाचा दगड नाशकाहून आणून वस्तीवर ठेवला होता. काळा, गुळगुळीत, कोरा. नाव कुणाचं घालायचं ते ठरत नव्हतं. टाकी उभी, नळ पुरलेले, आणि जनाबाईंच्या वस्तीतल्या बायका नदीवरून हंडे वाहत होत्या.

शेवटी दौलतरावांनी अविश्वासाचा ठराव आणला. बाई सरपंच असल्यामुळे कायद्यानं नऊपैकी सात हात वर व्हायला हवे होते. खालच्या आळीचे चार, शोभावर रुसलेले तिच्याच बाजूचे दोन, आणि सातव्या जनाबाई. बरोबर सात. एकही जास्त नाही. सभेची तारीख लागली, आणि सात जणांना कुणी फोडू नये म्हणून आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे गावाबाहेर न्यायचं ठरलं. याला आमच्याकडे सहल म्हणतात. निसर्ग बघायला कुणी जात नाही.

दोघी बायका पाच पुरुषांबरोबर मुक्कामाला कशा जाणार? घरच्यांनी अट घातली, कुणी वयस्क बाई बरोबर पाहिजे. सुमनचा फोन आला. "आक्का, तुम्हीच चला. करार तुमचा, निस्तरायचाबी तुम्हीच."

मी थकले होते. गुडघे दुखत होते. पण तिच्या बोलण्यात खोट नव्हती. मी पिशवी भरली.

पहिला दिवस: लासलगाव

जायचं होतं पश्चिमेला, म्हणून दोन्ही जिपा पूर्वेला निघाल्या. वरच्या आळीच्या लोकांनी पाहावं आणि फसावं, हा बेत. जानेवारीची सकाळ, द्राक्षबागांवर धुकं. दौलतराव पुढच्या जिपेत, मांडीवर मोबाइल फोन. सगळ्या सहलीत तो एकच फोन होता आणि तो दुसऱ्या कुणाच्या हातात जात नव्हता.

लासलगावाजवळ आम्ही कांद्याच्या रांगेत अडकलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रॅक्टर, ट्रॉल्यांत लाल कांदा काठोकाठ. पुढे बाजारात लिलाव चालला होता. एका ट्रॉलीपुढे व्यापाऱ्यांचा घोळका थांबायचा, कुणी मूठभर कांदा उचलून दाबून बघायचा, ओरडाआरड व्हायची आणि मिनिटभरात सगळे पुढच्या ट्रॉलीकडे. कांद्याचा वास डोळ्यांत आणि लुगड्यांत शिरला. आमच्या जिपेशेजारच्या ट्रॅक्टरवाल्यानं आत डोकावून पाहिलं. एका गाडीत दोघी बायका, एक म्हातारी, इस्त्रीच्या कपड्यातले दोन पुरुष, आणि कुणीच बोलत नाही. तो हसला.

"सदस्य का?" त्यानं विचारलं.

"लग्नाला चाललो," आमच्या ड्रायव्हरनं सांगितलं.

"मंग नवरदेव पळून गेलेला दिसतोय. तोंडं बघा एकेकाची!" आणि त्यानं मागच्या ट्रॅक्टरवाल्याला ओरडून सांगितलं, "अय, सहल आली रं!"

जनाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. पुढच्या जिपेतल्या दौलतरावांनी मात्र मान बाहेर काढून मागे पाहिलं. तासाभरात ही बातमी वरच्या आळीत पोचणार, हे त्यांना कळलं. पूर्वेची हूल तिथेच संपली.

दुपारी एका हॉटेलात मिसळ खाल्ली. तर्री इतकी तिखट की मला तीन वेळा पाणी मागावं लागलं. हॉटेलशेजारी टेलिफोनचं दुकान होतं. सुमननं विचारलं, "भाऊजी, एक फोन करू? म्हैस व्यायला झालीय. घरी विचारते फक्त."

"वहिनी, चार दिवस फोन नाय."

"आवो, म्हशीला काय पक्ष असतो का?"

"म्हशीला नाय. पण फोन उचलायला कोण येईल ते सांगता येत नाय."

सुमननं हातात काढलेली नाणी पुन्हा कनवटीला लावली. मी तिच्या लग्नात तिची ओटी भरली होती. तेव्हापासून तिला कुणी कुठे फोन करायला मनाई केलेली मी पाहिली नव्हती. सरपंच व्हायला निघालेल्या बाईला म्हशीची चौकशी करायची मुभा नव्हती. मला ते सोसवलं नाही, पण मीही बोलले नाही. हे लिहून ठेवते.

दुसरा दिवस: घाटावर

रात्र दौलतरावांच्या ओळखीच्या घरी काढून दुसऱ्या दिवशी आम्ही नाशिक बाहेरून ओलांडलं आणि गिरणाऱ्यावरून वाघेऱ्याचा घाट चढलो. इथे आपल्या जिल्ह्याचं रूप बदलतं. मागे काळी, सपाट, बागायती जमीन. पुढे लाल माती, उतारावर भाताची कापलेली खाचरं, सागाची पानगळ. माझ्या घरापासून हे सारं एका सकाळच्या अंतरावर, आणि मी एवढ्या आयुष्यात दोनदाच आले असेन. तेही शाळेच्या मुलींना घेऊन, पावसाळ्यात, धबधबे बघायला. माणसं बघायला आले नव्हते.

घाटात वळणावळणावर सुमनला उलट्या झाल्या. जनाबाईंनी तिचं डोकं धरलं. स्वतःच्या कनवटीचं आलं काढून तिला दिलं. जसजसा घाट वर जात होता तशा जनाबाई बदलत होत्या. खाली आमच्या गावात त्या पंचायतीच्या सभेत दाराशी बसतात आणि विचारल्याशिवाय बोलत नाहीत. इथे त्या बोट दाखवून सांगू लागल्या. हा मोहाचा माळ, ह्या वाटेनं माझं लगीन आलं, त्या टेपाडामागं माझ्या बहिणीचा पाडा.

"मग उतरू की बहिणीकडे," मी म्हटलं.

पुढच्या सीटवरचा सदस्य मागे वळून म्हणाला, "बाई, उतरायचं नाय कुणी."

हरसूलच्या अलीकडे एका ओळखीच्या शेतघरात आमची सोय होती. पत्र्याचं छप्पर, दोन खोल्या, बाहेर चूल. मोबाइलला इथे आवाज येईना. दौलतराव फोन उंच धरून शेताच्या बांधावर चालत राहिले. त्यांच्या पायाखाली कुळथाचा पाला चुरगळत होता. "ताई, फोन लागत नाय म्हणजे आपलाबी कुणाला लागत नाय," ते मला म्हणाले, आणि त्यांना त्यात समाधान वाटल्यासारखं दिसलं.

जेवायला नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी होती. काळसर, जड, गरम असताना गोड. बरोबर सुकटीची चटणी आणि भात. बागायतीतले सदस्य भाकरीकडे बघत राहिले. एक जण म्हणाला, "गव्हाची पोळी नाय का?" जनाबाईंनी त्याच्या ताटातली भाकरी उचलून आपल्या ताटात घेतली आणि शांतपणे खाल्ली. तो भातावर राहिला.

जेवण झाल्यावर मी दौलतरावांना सरळ विचारलं, "दौलत, चाळीस हात चर खणू दिली असतीस तर शोभा आत्तापर्यंत उतरली असती. हे सगळं कशाला?"

ते माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसत. उत्तर येत नसलं की नखं बघायचे. तशीच बघत म्हणाले, "ताई, चर खणू दिली आणि ती उतरलीच नाय तर? पाण्याबरोबर तिचं नाव गेलं घरोघर, मंग आमच्या हातात राहिलं काय?"

शोभानंही मला हेच सांगितलं होतं, फक्त उलट्या बाजूनं. राजीनामा दिला आणि दौलतरावांनी चर खणू दिलीच नाही तर? दोघांचंही खरं होतं. आणि माझ्या सात कलमांत चरीचा शब्दही नव्हता. मी खुर्चीवर कोण केव्हा बसेल ते लिहिलं होतं. बसून काय करायचं, आणि उठताना काय सोपवायचं, ते लिहिलं नव्हतं. शाळेत मला त्याची गरज पडली नव्हती. तिथे तास संपल्याची घंटा शिपाई वाजवतो, वर्गातली बाई नाही.

तिसरा दिवस: झऱ्यावर

सकाळी उठून पाहिलं तर जनाबाई नव्हत्या.

दौलतरावांचा चेहरा मी विसरणार नाही. "फोडली," ते म्हणाले. "शोभाच्या माणसांनी फोडली. सातवा हात गेला!" पाचही पुरुष धावाधाव करू लागले. दोघे जीप घेऊन घाटाकडे गेले, तिघे हरसूलला. तिथे त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. माणसांच्या गर्दीत एक बाई शोधायला निघाले ते. सुमन चुलीपाशी बसून होती. मी तिला म्हटलं, "बहिणीचा पाडा टेपाडामागं आहे म्हणाल्या होत्या. चल."

आम्ही चालत गेलो. माझे गुडघे आणि तिची चप्पल, दोन्ही कुरकुरत होती. कुडाच्या भिंतींची, शेणानं सारवलेली आठ-दहा घरं. जनाबाई घरात नव्हत्या. एका म्हाताऱ्यानं खाली ओघळीकडे बोट दाखवलं. तिथे दगडांनी बांधलेला एक खड्डा होता, माणूसभर खोल, आणि त्याच्या तळाशी पाण्याचा झरा. पाणी अगदी सावकाश साचत होतं. वर दहा-बारा बायका आपापले दोन-दोन हंडे घेऊन ओळीनं बसल्या होत्या. त्यांत जनाबाई, बहिणीच्या शेजारी, पाय पसरून, तिच्या नातीच्या केसांत उवा बघत.

"आलात व्हय?" त्या म्हणाल्या. "बसा. बहिणीची पाळी आली की जाऊ."

"सगळे शोधतायत तुम्हाला!" सुमन म्हणाली.

"शोधू द्या. कधी नाय ते फिरतील डोंगरात."

बसलो. मी पाहत राहिले. खड्ड्यात एका वेळी एकच बाई उतरू शकत होती. ती उतरली की आधी मागच्या बाईचा एक हंडा भरून वर देई. मग स्वतःचा एक भरे आणि वर येई. मग मागची उतरून तिच्या मागचीचा एक भरी, मग आपला. म्हणजे प्रत्येकीचे दोन हंडे भरत. एक पुढची भरून देई, एक ती स्वतः भरी. ओळीतली शेवटची बाई एक हंडा भरून खड्ड्याच्या काठावर झाकून ठेवी. दुसऱ्या दिवशी जिची पहिली पाळी, तिच्यासाठी.

"आपला आधी का नाही भरत?" मी विचारलं.

जनाबाईंच्या बहिणीला हा प्रश्नच कळला नाही. जनाबाईंनी तिला त्यांच्या बोलीत सांगितला. मग ती हसली. "आपला भरला की पाय वर पळतो, बाई. मागचीचं पाणी मागंच राहतं."

बहिणीची पाळी आली. तिची कंबर धरली होती, म्हणून सुमन उठली. "मी उतरते, मावशी. मला सवय हाय." पदर खोचून ती खाली उतरली, तांब्यानं पाणी भरू लागली, आणि सवयीनं बहिणीचाच हंडा आधी भरून वर ठेवला.

वर एकदम ओरडा झाला. मागच्या बाईनं काठावर हंडा आपटला. "माझा कुठं? माझा कुठं?" आणि जनाबाईंनी कुणाला तरी सांगितलं असणार, कारण एक म्हातारी खड्ड्यात वाकून म्हणाली, "हीच का ती सरपंच व्हनारी? वा गं वा!"

सगळ्या हसल्या. सुमनही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. ती पाणी साचायची वाट बघत खाली उभी राहिली. मागच्या बाईचा हंडा भरला. वर आली तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल.

पाड्याकडे परतताना तिनं बहिणीला विचारलं, "मावशी, मागचीचा भरून दिला आणि ती तिच्या मागचीचा न भरता तशीच निघून गेली तर?"

"कुठं जाईल?" बहीण म्हणाली. "उद्या पाण्याला हितंच येनार ना?"

सुमननं चिखलाचे पाय वाटेवरच्या गवतात पुसले. मग मला म्हणाली, "आक्का, आमच्याकडं तेच नाय. पुढच्या निवडणुकीला आरक्षण बदलतंय. ना शोभा परत येणार त्या खुर्चीवर, ना मी. एकदाच उतरायचं खड्ड्यात. मंग कोण कुणाचा भरून देईल?"

ईशान, तुझ्या निबंधासाठी मला याहून चांगलं वाक्य सापडलेलं नाही. ते सुमनचं आहे. ती नववीपर्यंत शिकली आहे.

जनाबाई थांबल्या. डोक्यावर बहिणीचा हंडा, मान ताठ. "सुमनताई, मी तुला सांगते. तू दौलतरावाला सांग, उद्या सभेआधी चर खणाया सुरुवात कर. शोभाचं नाव लागंना का दगडाला. मंग मी हात वर करते. नाय तर नाय. माझ्या वस्तीला नाव प्यायचं नाय."

चौथा दिवस: परत

जनाबाई सापडल्या म्हणून दौलतराव इतके खूश झाले की कुणी रागावलं नाही. सकाळी निघालो. घाट उतरताना सुमननं सगळ्यांदेखत सांगितलं. तिला इतकं स्पष्ट बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"भाऊजी, सभा दुपारी हाय. जाताना शेतावर थांबू. कुदळीचे दोन घाव घाला जनाबाईंच्या समोर. दगडाला शोभाचं नाव जाऊ द्या. मला चालतंय."

"वहिनी, तुम्हाला चालतंय, आळीला नाय चालणार. आधी खुर्ची. संध्याकाळी स्वतः चर खणतो. आईची शपथ."

"शपथ नको. कुदळ."

"अडीच वर्षं थांबलो, आता दोन तास थांबा की जनाबाई! माझ्यावर विश्वास नाय?"

जनाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "हाय ना," त्या म्हणाल्या. "शोभावरबी हाय. तुम्हा दोघांवर हाय म्हणून तर नदीवर जातेय."

जीप शेतावर थांबली नाही. द्राक्षबागा पुन्हा लागल्या. मी पाकीट बरोबर आणलं होतं, का ते माहीत नाही. पिशवीत त्याचा कोपरा बोटाला लागत होता.

सभा पंचायतीच्या खोलीत झाली. बाहेर दोन्ही आळ्यांची माणसं, मध्ये पोलीस. मी व्हरांड्यात खिडकीशी उभी राहिले. शोभा एका बाजूला, हात घडी घालून, रडलेली दिसत होती. तीही माझी विद्यार्थिनी. तहसीलदारांनी ठराव वाचला आणि बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत असं सांगितलं. पाच पुरुषांचे हात वर झाले. सुमनचा वर झाला, कोपरात थोडा वाकलेला. सहा. जनाबाईंचे दोन्ही हात मांडीवर होते, एकावर एक.

"आपला हात?" तहसीलदारांनी विचारलं.

"आधी पाणी, साहेब. मंग हात."

"तशी तरतूद नाही."

"नसंल," जनाबाई म्हणाल्या.

ठराव पडला. वरच्या आळीत फटाके वाजले. मला वाटलं होतं, आता तरी शोभा चरीचं बोलायला दौलतरावांकडे जाईल. पण जिंकल्यावर तिच्या माणसांना घाई उरली नव्हती. त्यांना आता कुणा बड्या माणसाला बोलवून पाणी सोडायचं होतं. दौलतरावांनी चरीच्या जागेवर काटेरी कुंपण घातलं. महिन्याभरात खालच्या आळीचे चार आणि रुसलेले दोन अशा सहांनी राजीनामे दिले. या वेळी स्वतः कचेरीत जाऊन, समक्ष. निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या झाल्या आणि पंचायतच बरखास्त झाली. शोभा गेली, सुमन आलीच नाही.

सुमनला मी विचारलं, वाईट वाटलं का. ती म्हणाली, "म्हस रातची व्याली आक्का, त्या सहलीत. पारडू आडवं आलं होतं. मी नव्हते." जनाबाईंशी तिनं अबोला धरला नाही, एवढं मी पाहिलं.

मे महिन्यात

परवा माहेरी गेले होते. सुमनबरोबर नदीकाठच्या वस्तीवर चालत गेले. पंचायतीवर आता प्रशासक आहे. एक चष्मेवाला सरकारी माणूस, त्याला दोन्ही आळ्यांची नावं अजून नीट पाठ नाहीत. त्यानं कुणाशी न भांडता शेत टाळून रस्त्याच्या कडेनं नळ वळवून घेतला. लांब पडला, पण पोचला. नारळ नाही, भाषण नाही. चहासुद्धा न घेता तो पुढच्या गावाला गेला म्हणे.

करार अजून माझ्या कपाटात आहे. आठवं कलम लिहायला दोनदा पेन उघडलं आणि दोनदा मिटलं. ज्यांनी सही करायची ते आता कुणीच खुर्चीवर नाहीत.

वस्तीच्या नळाखाली जनाबाई धुणं धूत होत्या. काळ्या, गुळगुळीत, भल्या मोठ्या दगडावर. मी ओळखला. उद्घाटनाचा तो कोरा दगड बायकांनी ओढत आणून नळाशी आडवा टाकला होता.

"चांगला आहे का?" मी विचारलं.

जनाबाईंनी नातवाचा सदरा पिळला, झटकला आणि दगडावरून हात फिरवला.

"लय चांगला, बाई. नाव घातलं नाय ते बरं झालं. अक्षरं असती तर कपडा फाटला असता."

मग त्यांनी आपली बादली सरकवली आणि मागं उभ्या असलेल्या सुमनला म्हणाल्या, "आण तुझा हंडा आधी."

सुमनकडे हंडा नव्हताच. तिनं दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.